हेवीवेट डब्यांच्या मॉडेलचा नाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा डोंबिवलीचा, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. हॉलमधल्या काचेच्या कपाटात अमेरिकन पॅसेंजर गाड्यांचे जुने हिरवे डबे ओळीने लावलेत, आणि गणपतीला किंवा असंच कोणी जेवायला आलं की पानं वाढेपर्यंत तेच ते प्रश्न येतात. काहींना खरंच सुरू करायचं असतं, काहींना फक्त किती पैसे घातले ते काढून घ्यायचं असतं. दोघांसाठी एकदाच लिहून टाकतो.

हेवीवेट डबा म्हणजे नक्की कोणता?

ढोबळ मानाने १९०७ ते १९३१ च्या मधे अमेरिकेत बनलेला, पूर्ण स्टीलचा, लांबलचक आणि जाम जड पॅसेंजर डबा. त्याआधी डबे लाकडी असायचे. मग पेनसिल्व्हेनिया रेलरोडने हडसन नदीखालून बोगदे काढून मॅनहॅटनमध्ये पेन स्टेशन बांधायला घेतलं, ते उघडलं १९१० ला, आणि नदीखाली लाकडी डबा पेटला तर काय या भीतीने त्यांनी ठरवलं की इथून फक्त स्टीलचेच डबे जाणार. स्लीपर डबे पुलमन कंपनीचे, त्यामुळे पुलमनलाही स्टीलकडे वळणं भागच होतं. १९०७ ला त्यांनी जेम्सटाउन नावाचा पहिला स्टीलचा स्लीपर करून बघितला आणि १९१० पासून रीतसर उत्पादन चालू केलं.

जड का, तर स्टील तर होतंच पण जमिनीत चक्क काँक्रीट ओतायचे, आवाज कमी यावा आणि डबा हिंदकळू नये म्हणून. एक डबा सुमारे ८० अमेरिकन टन, म्हणजे आपले ७२-७३ टन. आपला आयसीएफचा रिकामा स्लीपर चाळीसच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज घ्या. एवढं वजन पेलायला दोन्ही टोकांना सहा-सहा चाकं, आणि वर मधोमध उंचवटा असलेलं छप्पर, त्याला क्लेरस्टोरी म्हणतात. लांबून ओळखायच्या दोन खुणा याच, सहा चाकं आणि ते छप्पर.

गंमत म्हणजे तेव्हा याला हेवीवेट कोणीच म्हणत नव्हतं. १९३४ ला झेफिर आणि एम-१०००० या हलक्या चकचकीत गाड्या आल्या तेव्हा जुन्यांना वेगळं नाव लागलं. धाकटा जन्मला की मगच पहिला थोरला होतो ना, तसं.

बोगी म्हणजे डबाच ना?

आपल्याकडे हो, "एस-५ बोगी कुठे लागते" असंच आपण विचारतो. पण मुळात बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी, आणि अमेरिकन लोक तिला ट्रक म्हणतात. मी सुरुवातीला ऑनलाइन "सिक्स व्हील ट्रक" असं वाचून मालवाहू ट्रकचं मॉडेल असेल म्हणून पुढे गेलो होतो, सहा महिने. खाली मी ट्रक म्हटलं की चाकांची गाडी समजा.

कोणत्या स्केलमध्ये घ्यावं?

घरात जागा किती आहे तेवढंच बघा. खरा डबा ८० फुटांचा धरला तर ओ स्केलमध्ये, म्हणजे १:४८ ला, एक डबा ५१ सेंटिमीटर होतो. एचओ, १:८७ ला २८ सेंटिमीटर. एन, १:१६० ला साधारण १५. आठ डब्यांची गाडी एका फळीवर मांडायची तर ओ मध्ये चार मीटरची भिंत लागते, आणि तेवढी मोकळी भिंत असलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. माझं मत एचओ. तपशील डोळ्यांना दिसतो, कपाटात मावतो, आणि जुना माल सगळ्यात जास्त याच स्केलमध्ये फिरतो. एन वाईट नाही पण चाळिशीनंतर भिंग घेऊन बसावं लागतं.

खोक्यावर १२-१, ८-१-२ असं लिहिलेलं असतं ते काय आहे?

या नादातला सगळ्यात मजेचा भाग हाच, त्यामुळे इथे जरा पाल्हाळ लावतो.

पुलमनचे स्लीपर आतल्या खोल्यांवरून ओळखतात. पहिला आकडा सेक्शनचा. सेक्शन म्हणजे समोरासमोर दोन सीट, रात्री त्या सरकवून खालचा बर्थ होतो आणि छताकडून दुसरा बर्थ खाली ओढायचा, मग पडदे. आपला एसी टू टियर डोळ्यासमोर आणा, फक्त बर्थ गाडीच्या दिशेने लांबीत आणि मधून जायची वाट. १२-१ म्हणजे १२ सेक्शन आणि १ ड्रॉइंग रूम, ती बंद खोली, तिघांची, स्वतःच्या टॉयलेटसकट. एकूण २७ माणसं झोपायची. पुलमनने सगळ्यात जास्त हाच प्रकार बनवला, त्यातला प्लॅन (पुलमनचा आराखडा) नंबर ३४१० मॉडेलवाल्यांना तोंडपाठ असतो.

८-१-२ म्हणजे ८ सेक्शन, १ ड्रॉइंग रूम, २ कंपार्टमेंट (दोघांची बंद खोली), प्लॅन ३९७९. १०-१-२ म्हणजे प्लॅन ३५८५. ६-३ मध्ये सेक्शनच नाहीत, ६ कंपार्टमेंट आणि ३ ड्रॉइंग रूम, प्लॅन ३५२३, श्रीमंतांचा डबा. आता हे बाहेरून कसं कळतं? खिडक्यांवरून. सेक्शन असेल तिथे खिडक्यांची जोडी येते, टॉयलेटला छोटी धुरकट काच, आणि ६-३ मध्ये एका बाजूला खोल्या दुसऱ्या बाजूला कॉरिडॉर, म्हणून डब्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या दिसतात. एकदा हे डोक्यात बसलं की जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत नुसत्या खिडक्या मोजून सांगता येतं आत कोण झोपत होतं. मला ते कळलं त्या आठवड्यात मी बायकोला इतके फोटो दाखवले की तिने चहा दिवाणखान्यात आणणं बंद केलं.

डब्यांना नावं का असतात, नंबर का नाहीत?

साधे कोच, बॅगेज, पोस्टाचे डबे हे रेल्वे कंपन्यांचे, त्यांना नंबर. पुलमनच्या डब्यांना नाव. आणि नावातही घराणी होती: ग्लेन अमुक असेल तर तो ६-३, लेक तमुक असेल तर १०-१-२, क्लोव्हर तमुक म्हणजे जुना डबा नंतर सुधारून ८ सेक्शन आणि ५ डबल बेडरूमचा केलेला. म्हणून १२-१ च्या मॉडेलवर ग्लेन काहीतरी छापलेलं दिसलं की समजा की बनवणाऱ्याने अभ्यास केलेला नाही. असे डबे स्वस्तात मिळतात, नाव पुसून नवीन डेकल, म्हणजे छापील नावाची चिकटपट्टी, लावली की झालं.

नावाचा अजून एक पदर आहे. या डब्यांत काम करणारे पोर्टर जवळपास सगळे कृष्णवर्णीय होते आणि प्रवासी त्यांना सरसकट "जॉर्ज" म्हणून हाक मारायचे, मालक जॉर्ज पुलमनच्या नावावरून. म्हणजे डब्याला स्वतःचं नाव आणि माणसाला नाही. १९२५ ला ए. फिलिप रँडॉल्फच्या पुढाकाराने त्यांनी युनियन केली आणि १९३७ ला कंपनीशी पहिला करार मिळवला. माझ्या प्रत्येक स्लीपरच्या दाराशी मी पायरीचं स्टूल घेऊन उभा एक पोर्टर लावतो.

सुरुवात कुठून करू?

एक गाडी निवडा आणि एक साल निवडा. बस. बाकी सगळे नियम यातून निघतात. जे दिसेल ते छान म्हणून घेत गेलात तर दोन वर्षांनी तुमच्याकडे पस्तीस डबे असतील आणि त्यातले चारही कधी एका गाडीला लागलेले नसतील, हे मी स्वतःच्या पैशाने शिकलोय.

आमच्या भागातल्या लोकांना मी ब्लू कॉमेट सुचवतो. सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीची गाडी, जर्सी सिटी ते अटलांटिक सिटी, १९२९ ला सुरू आणि १९४१ ला बंद. निळे डबे, खिडक्यांच्या पट्ट्याला क्रीम, आणि प्रत्येक डब्याला धूमकेतूचं नाव. जर्सी सिटीत निम्मी मराठी मंडळी राहतात आणि लिबर्टी पार्कात फिरायला जातात, तिथे जी जुनी स्टेशनची इमारत उभी आहे ना, ही गाडी तिथूनच सुटायची. फोटो काढून येतात, पण कोणाला माहीत नसतं.

पश्चिमेची आवड असेल तर सांता फे रेल्वेची सुपर चीफ मजेशीर आहे. नाव घेतलं की सगळ्यांना चंदेरी स्टेनलेस स्टीलचे डबे आठवतात पण १९३६ ला सुरू झाली तेव्हा पहिलं वर्षभर तिला साधे हेवीवेट डबेच होते. तेवढं एकच वर्ष मांडलंत तर बघणारा हमखास वाद घालतो, आणि वाद तुम्ही जिंकता.

साल एवढं महत्त्वाचं का?

छप्पर. १९३० ला बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने मार्था वॉशिंग्टन नावाच्या डायनिंग कारला एसी बसवला, १९३१ ला अख्खी कोलंबियन गाडी एसी केली, आणि मग पुढच्या काही वर्षांत पुलमनने हजारो डब्यांना तो लावला. हवेचा डक्ट न्यायला जागा नव्हती म्हणून तो छपराच्या उंचवट्याच्या कडेने नेला, वरून पत्रा. त्यामुळे तुमची गाडी १९२८ ची असेल तर छप्पर स्वच्छ क्लेरस्टोरी पाहिजे आणि १९३८ ची असेल तर एका किंवा दोन्ही बाजूंना तो फुगवटा पाहिजे, पोटाखाली एसीची खोकी पण. मॉडेल बनवणारे दोन्ही प्रकार काढतात आणि विकणाऱ्याला बहुतेक वेळा फरक माहीत नसतो.

कोणत्या कंपनीचे डबे चांगले?

एचओ पुरतं सांगतो.

एथर्न: पूर्वी निळ्या खोक्यात किट म्हणून यायचे. मजबूत, स्वस्त, पण लांबी खऱ्यापेक्षा कमी, ७२ फुटांच्या आसपास, म्हणजे हातात २५ सेंटिमीटर. छोट्या वळणावर चालावेत म्हणून. त्यांना दुसऱ्या कंपनीच्या पूर्ण लांबीच्या डब्याशेजारी लावलं की धाकट्या भावाला मोठ्याचा कोट घालावा तसं दिसतं, खटकतं ते खटकतंच.

रिवारोसी: इटालियन, कोमो गावची कंपनी, १९४५ ची. अमेरिकेत एएचएम नावाच्या कंपनीने यांचा माल आणून विकला, म्हणून खोक्यावर एएचएम दिसतं आणि डब्याच्या पोटावर रिवारोसी. पूर्ण लांबीचे आणि त्या काळच्या मानाने फार सुबक. मला अजून आवडतात. दुखणं चाकांचं, ते खाली येईल.

ब्रँचलाइन: किट. पोटाखालचे पाइप, टाक्या, दांडे सगळं सुटं, एक डबा म्हणजे तीन-चार रविवार. पण झाला की खिडकीखालचे रिवेट बघत बसावं असा. साचे नंतर अ‍ॅटलस कंपनीकडे गेले.

वॉल्थर्स: मिलवॉकीची, १९३२ पासूनची कंपनी, जुन्या काळात लाकूड आणि पत्र्याची किटं विकायची, आता तयार डबे. प्लॅननुसार अचूक, आतून सीट, धातूची चाकं. एकच डबा घ्यायचा आणि डोक्याला ताप नको असेल तर हाच.

ब्रास: आधी जपानमध्ये, नंतर कोरियात हाताने बनवलेले पितळी डबे. बघायला स्वर्ग. माझ्याकडे एक आहे, किंमत घरात कोणाला सांगितलेली नाही आणि इथेही लिहिणार नाही.

लायोनेलचे मॅडिसन डबे यातच येतात का?

येतात आणि नाही पण. लायोनेल कंपनीची ती खेळण्यातली गाडी, तीन रुळांची, स्केलपेक्षा बुटकी आणि आखूड. १९४१ ला आले, बेकेलाइटचे, युद्धानंतर परत, नावं आयर्विंग्टन, मॅडिसन, मॅनहॅटन. यातली दोन न्यू जर्सीतली गावं, आयर्विंग्टनला तर लायोनेलचा कारखानाच होता. त्याच्याही आधी १९३० ला त्यांनी ब्लू कॉमेट काढली होती, स्टँडर्ड गेज नावाच्या त्यांच्या रुंद खेळण्यातल्या रुळांवर, इंजिन आणि फे, वेस्टफाल, टेंपेल हे तीन डबे. ती आज चांगल्या अवस्थेत मिळणं म्हणजे कोणाचं तरी माळ्यावरचं नशीब उघडणं. खेळण्यातल्या गाड्या जमवणाऱ्यांचा मोठा बाजार पेनसिल्व्हेनियात यॉर्कला भरतो, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरला. एकदा जा, पण क्रेडिट कार्ड घरी ठेवून.

डबा रुळावरून सारखा उतरतो, काय करू?

तीन कारणं असतात. एक, वळण. १८ इंच त्रिज्येच्या, म्हणजे स्टार्टर सेटसोबत येणाऱ्या रुळावर पूर्ण लांबीचा हेवीवेट चालत नाही, वॉल्थर्सवाले किमान २४ इंच सांगतात आणि डोळ्याला बरं दिसायला ३० पाहिजे. एथर्नचे आखूड डबे २२ वर जातात.

दोन, चाकांची कड. जुन्या रिवारोसीच्या चाकांची कड इतकी खोल असते की तिला लोक पिझ्झा कटर म्हणतात. रुळाची उंची कोड नंबरमध्ये सांगतात, कोड १०० म्हणजे इंचाचा ०.१००, अडीच मिलिमीटर. त्यावर जुनी चाकं धावतात पण कोड ८३ किंवा ७० वर ती रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांच्या खिळ्यांवर टकटक टकटक करत जातात. उपाय, आरपी-२५ मापाची धातूची चाकं बदलून टाकणे.

तीन, कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा आकडा, ट्रकलाच जोडलेला असणे. गाडी मागे ढकलली की ट्रक तिरका होतो आणि डबा आडवा. कपलर बॉडीला लावा, केडी कंपनीचा ५ नंबर, जुना आकड्यासारखा प्लॅस्टिकचा फेकून द्या.

हेवीवेटचं मॉडेल पण जड असतं का?

असायला पाहिजे पण कंपन्या काटकसर करतात. एनएमआरए या अमेरिकन संघटनेचा हिशेब आहे: एचओ मध्ये १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. ११ इंची डबा म्हणजे साडेसहा औंस, १८४ ग्रॅम. किचनच्या काट्यावर ठेवा, कमी भरला तर आत जमिनीवर वजन चिकटवा, छपराला नाही. मात्र दहा डबे म्हणजे जवळपास दोन किलो, मग चढावर इंजिन जागच्या जागी चाकं फिरवतं आणि तुम्ही बोटाने ढकलता. घाटात मागून बँकर, म्हणजे ढकलायला जास्तीचं इंजिन, लावतात ते का, हे तेव्हा कळतं.

जुना डबा विकत घेताना काय बघायचं?

सपाट काचेवर ठेवून बघा, छप्पर किंवा बॉडी वाकलेली असेल तर सोडा, ती सरळ होत नाही. हा धडा मला पाचशे रुपयांच्या चुकीने नाही मिळाला, मी स्वतः दोन डबे जुलैच्या उन्हात गाडीच्या मागच्या काचेपाशी विसरलो होतो, केळ्यासारखे झाले.

युद्धापूर्वीच्या ओतीव धातूच्या भागांना झिंक पेस्ट, म्हणजे जस्ताची कीड, लागते. जस्तात शिसं वगैरे मिसळलं गेलेलं असतं, मग आतून भेगा पडतात, भाग फुगतो आणि शेवटी हातात भुगा येतो. त्यावर औषध नाही. भेग दिसली की नमस्कार करून पुढे.

ब्रासचं खोकं उघडून आतला फोम बघा. जुना फोम चिकट होऊन रंगाला धरतो. डबा बाहेर काढून आम्लरहित कागदात गुंडाळा, खोकं मात्र टाकू नका, विकायच्या वेळी लोक आधी खोकं विचारतात.

आणि दोन डब्यांमधला अ‍ॅकॉर्डियनसारखा भाग, डायफ्रॅम, तो नेहमी गायब असतो. सुटा मिळतो, त्यावरून किंमत पाडायला हरकत नाही.

भारतात घेऊन जाता येतील का?

येतील, पण पार्सलने मागवायच्या आधी हिशेब करा. खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्युटी २०२० ला २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०. स्केल मॉडेलं त्याच सदरात धरली जातात, "हे खेळणं नाही हो, संग्रह आहे" हे काउंटरवर कोणी ऐकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत एकेक डबा, कपड्यांच्या मधे, ही जुनी पद्धत अजून बरी. इकडचा पॉवर पॅक मात्र नेऊ नका, तो १२० व्होल्टचा. मामेभावाने ठाण्यात थेट भिंतीत लावला आणि वास आला तेव्हा कळलं.

दमट हवेत, मुंबई किंवा कोकणात, कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी बदला. लोखंडी आस आणि स्प्रिंग आधी गंजतात.

अमेरिकन डबे कशाला, आपले का नाही?

हा प्रश्न काका लोक विचारतात, आणि बरोबर विचारतात. याच काळातली आपली गाडी म्हणजे डेक्कन क्वीन, १ जून १९३० ला सुरू झाली, सात-सात डब्यांचे दोन रेक, एक चंदेरी आणि लाल, दुसरा निळा आणि सोनेरी रेघा, खालचा सांगाडा इंग्लंडहून आलेला आणि बॉडी माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये बांधलेली. तयार मॉडेल शोधून मी थकलो, बहुतेक स्वतःच करावं लागणार. एक अडचण अशी की एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो अमेरिकन-युरोपियन गेजला धरून आहे. आपला ब्रॉड गेज त्या स्केलमध्ये १९ च्या वर जातो. लोक डोळेझाक करून १६.५ वरच चालवतात. मीही करेन.

पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघा, भाऊ जोशींनी १९९८ ला उघडलेलं. माझ्या या सगळ्या उद्योगाला सुरुवात तिथेच झाली, म्हणजे दोष द्यायचा तर तिथे.

खरा हेवीवेट कुठे बघायला मिळेल?

जवळ म्हणजे स्ट्रासबर्ग, पेनसिल्व्हेनियातलं रेल्वे म्युझियम. मायामीला गेलात तर गोल्ड कोस्ट म्युझियममध्ये फर्डिनंड मॅगेलन बघाच, पुलमनचा डबा, १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टसाठी चिलखती केला, वजन २,८५,००० पौंड, म्हणजे साध्या हेवीवेटच्या जवळपास पावणेदोनपट. १९४८ ला निवडणूक जिंकलेला ट्रुमन "ड्युईने ट्रुमनला हरवलं" असं चुकून छापलेला पेपर हसत हसत दाखवतोय तो फोटो आठवतोय? तो याच डब्याच्या मागच्या उघड्या गच्चीवर उभा आहे.

गुंतवणूक म्हणून कसं आहे?

एफडी करा.

लहान मुलांना हात लावू देता का?

एथर्नच्या डब्यांना हो, दोन्ही हातांनी, खालून धरून. रिवारोसीला मी शेजारी असताना. ब्रासला नाही, आणि ते मुलांना सांगायला लागत नाही, त्यांच्या बाबांना सांगावं लागतं.